एका भाकरीचे ऋण : पंडिता रमाबाईंचे चरित्र

शेजाऱ्यावर प्रीती करावी ही आज्ञा आपल्या मंडळ्यांतील रविवार-शाळेच्या लहान मुलालाही पाठ असते. वर्षातून दोनदा-तीनदा तरी तिच्यावर उपदेश होतो, आणि उपदेश संपला की आपण समाधानाने घरी जातो. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील तो शास्त्रीही असाच समाधानाने घरी जाऊ पाहत होता. आपला शेजारी कोण, एवढेच त्याने प्रभूला विचारले. त्याला हद्द आखून हवी होती. कुठवर प्रीती करायची आणि कुठे थांबले तर चालते, हे एकदा कळले म्हणजे झाले! प्रभूने हद्द आखून दिली नाही. त्याने यरीहोच्या वाटेवर पडलेल्या जखमी माणसाची गोष्ट सांगितली, आणि त्या माणसाचा शेजारी कोण झाला, असा उलटा प्रश्न त्या शास्त्र्यापुढेच ठेवला.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या भाषेतील एका बाईने चाळीस वर्षे आपल्या आयुष्याने दिले. पंडिता रमाबाई हे नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्यांची विद्वत्ता, त्यांचे परदेशगमन, त्यांनी केलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर यांविषयी आपण वाचलेले असते. आज त्यांच्या चरित्राकडे एकाच बाजूने पाहू या. रमाबाईंचा शेजारी कोण होता, आणि रमाबाई कोणाच्या शेजारी झाल्या?

रानातले घर आणि वाटेवरचे बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे, दाट रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. बायकांना संस्कृत शिकवू नये असा त्या काळचा दंडक होता, तो मोडून त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकवले. त्यावरून विरोध झाला, तेव्हा ते कुटुंब घेऊन रानात जाऊन राहिले. त्यांच्या घरी विद्यार्थी आणि यात्रेकरू यांची सतत वर्दळ असे. आल्यागेल्याला जेवू घालता घालता शास्त्रीबोवा कर्जात बुडाले आणि घर सोडून तीर्थयात्रेला निघाले. रमा तेव्हा सहा महिन्यांची होती. वेताच्या पेटीत घालून, माणसाच्या डोक्यावरून, तिचा प्रवास सुरू झाला.

पुढची कित्येक वर्षे या कुटुंबाला घर असे नव्हतेच. देवळात किंवा घाटावर पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर राहावे, आणि पुढच्या क्षेत्राकडे चालू लागावे. रमेला आईने वाटेवरच शिकवले. भागवताचे हजारो श्लोक तिला तोंडपाठ होते. मराठी ही घरची भाषा, पण चालता चालता ती कानडी बोलू लागली, हिंदुस्थानी बोलू लागली, आणि पुढे बंगालीही बोलू लागली. महाराष्ट्राबाहेर जन्मलेली आणि परभाषेच्या मुलखात वाढलेली ही मराठी मुलगी होती, हे आपण बेळगाव, हैदराबाद, बडोदे, इंदूरकडच्या लोकांनी विशेष ध्यानात ठेवावे.

बाजरीची भाकर

१८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात मोठा दुष्काळ पडला. पुराण ऐकायला माणसे उरली नाहीत, मग दक्षिणा कोण देणार? शास्त्रीबोवांना आता दिसेनासे झाले होते. मजुरीचे काम या कुटुंबाला ठाऊक नव्हते आणि भीक मागायला तोंड उघडत नव्हते. भांडीकुंडी, अंगावरचे किडूकमिडूक सगळे विकून झाले. तिरुपतीजवळच्या रानात पाला आणि रानफळे खाऊन त्यांनी अकरा दिवस काढले. शेवटी वडील गेले. थोड्या महिन्यांच्या अंतराने आई आणि थोरली बहीणही गेली.

आईच्या अखेरच्या दिवसांतील एक प्रसंग रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवला आहे. आई अंथरुणाला खिळली होती आणि तिला थोडी भाकर हवी होती. रमा शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या दारात जाऊन उभी राहिली. मागायचे होते, पण शब्द फुटेना. डोळ्यांतले पाणी आत परतवताना तोंड मात्र सगळे सांगत होते. त्या बाईने ओळखले, आपण होऊन विचारले, आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. आभार मानायलाही रमेला बोलता आले नाही. ती धावत आईकडे आली. पण आईला आता घास गिळण्याची शक्ती राहिली नव्हती, आणि लवकरच तिने प्राण सोडला.

प्रेत उचलायला माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमा. तिची उंची कमी, म्हणून तिरडीची आपली बाजू तिला डोक्यावर घ्यावी लागली.

वाचकहो, त्या भाकर देणाऱ्या बाईचे नाव कुठेही नोंदलेले नाही. ती ख्रिस्ती नव्हती, आणि दुष्काळात तिच्या घरीही धान्याची कोठारे भरलेली नसतील. तरी दारात आलेल्या मुलीचे तोंड तिने वाचले. प्रभूच्या गोष्टीतला शोमरोनी जसा परका होता, तशी ही बाई. रमाबाईंच्या आयुष्यातील शेजारप्रीतीचा पहिला धडा त्यांनी कोणत्याही मंदिरात गिरवलेला नाही. तो त्या दारात, त्या भाकरीने दिला.

पंडिता झाली, विधवा झाली

पुढे बहीण-भाऊ दोघेच हिंदुस्थानभर पायी हिंडले. अंगावर पांघरूण नाही म्हणून झेलमच्या काठी वाळूत खड्डे करून, गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन त्यांनी थंडीच्या रात्री काढल्या. १८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. काल अन्नाला महाग असलेली मुलगी आज सभा गाजवू लागली.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. ते जातीने शूद्र मानले जात, म्हणून या लग्नाने दोन्हीकडची माणसे दुरावली. १८८१ साली मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत रमाबाईंनी आई, बाप, बहीण, भाऊ आणि नवरा यांना अग्नी किंवा माती दिलेली होती. कडेवर दहा महिन्यांची मुलगी तेवढी राहिली.

त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, आणि हंटर कमिशनपुढे बायकांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली. १८८३ साली वैद्यकीय शिकावे म्हणून त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडास गेल्या. पण त्यांना कमी ऐकू येत असे, त्यामुळे तो मनोरथ तडीस गेला नाही. वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्या राहिल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

इंग्लंडात त्यांनी पाहिलेली एक गोष्ट आपल्या विषयाशी फार जवळची आहे. लंडनमधील फुलहॅम भागात या भगिनींनी वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी एक घर चालवले होते. ज्यांची सावली टाळावी असे रमाबाईंनी लहानपणापासून ऐकले होते, त्यांना येथे कोणी भगिनी मायेने वागवत होती. हे करण्याची बुद्धी यांना कोठून झाली, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीशी प्रभू कसा बोलला ती हकीकत त्यांना सांगण्यात आली. रमाबाईंनी ती गाठ मनात बांधून ठेवली. पुढे सोळा वर्षांनी ती कामी आली.

शारदा सदन आणि दोन्हीकडची माघार

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ साली निघाले. त्याच वर्षी बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे मदत देण्याचे ठरवले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची तरुण विधवा होती. याच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. दुसऱ्या वर्षी सदन पुण्यास आले.

सदनात मुलींच्या धर्मात ढवळाढवळ करायची नाही असा करार होता. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार बंद करीत नसत, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारखे सल्लागार बाजूला झाले, आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. दुसरीकडे, इंग्लंडातल्या काही धर्मबंधूंना ही बाई फार स्वतंत्र बुद्धीची वाटे. ती मुकाट्याने आज्ञा ऐकत नाही, प्रत्येक गोष्टीचे शास्त्रातून कारण मागते, अशी त्यांची तक्रार होती. म्हणजे हिंदू समाजाला त्या परक्या झाल्या, आणि ख्रिस्ती पुढाऱ्यांनाही पुरत्या आपल्या वाटेनात. दोन्हीकडून हात आखडले गेले असता त्यांनी उरलेल्या मुलींचे शिक्षण चालू ठेवले.

पुन्हा त्याच वाटेवर

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या येऊ लागल्या तशी रमाबाईंची झोप उडाली. वीस वर्षांपूर्वीचे रान, तो पाला, आईचे मिटलेले तोंड त्यांना आठवू लागले. पण जाणार कशी? असोसिएशनचा पैसा ठरावीक कामासाठी, म्हणजे उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी होता. दुष्काळात मरणाऱ्या मुली सर्व जातींच्या होत्या. त्यांना आणून खायला काय घालणार, ठेवणार कुठे? शास्त्र्याने विचारलेला हद्दीचा प्रश्न आता खुद्द रमाबाईंच्या पुढे उभा राहिला. नियमाच्या हद्दीत राहून त्यांनी घरी बसणे पत्करले असते, तर कोणी त्यांना दोष दिला नसता.

त्या गेल्या. सरकारी गरीबखाने आणि दुष्काळी कामांच्या छावण्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या. हाडांचे सापळे झालेली मुले, उघड्यावर थंडीत कुडकुडणारी माणसे, आणि त्याहून भयंकर म्हणजे भुकेल्या तरुण मुलींना अन्नाचे आमिष दाखवून नासवणारे लोक! रमाबाई स्वतः तरुणपणी अशाच वाटेवर उभ्या होत्या. तेव्हा एका बाईने भाकर दिली होती आणि त्या भाकरीची किंमत मागितली नव्हती. त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणण्याचे ठरवले, आणि त्याप्रमाणे आणल्या.

त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ आली, आणि नव्या मुलींना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव येथे रमाबाईंनी शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. तेथे फळबाग करून सदनाला उत्पन्न व्हावे हा बेत होता. आता त्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. १८९७ साली प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची जी आबाळ होई, तिच्याविषयी त्यांनी वर्तमानपत्रात उघड लिहिले. सरकारला ते रुचले नाही. ज्या सरकारच्या सावलीत मिशनची कामे चालत, त्यालाही शेजाऱ्यासाठी खडसावण्यास त्या कचरल्या नाहीत.

प्रीतीचे अवघड काम

बंधुभगिनींनो, येथे थोडे थांबू या. दुष्काळपीडितांना वाचवले असे लिहायला एक ओळ पुरते. पण त्या आलेल्या मुली कशा होत्या? अंगावर फोड, केसांत उवा, पोटात रोग. कित्येकींना कोणी आपल्याला विकायला नेत आहे अशी धास्ती वाटे. अंघोळ, वेळेवर जेवण, शिस्त यांची त्यांना ओळख नव्हती. हिंदी बोलणाऱ्या मुलींना मराठी कळत नव्हते. काही मुली इतक्या खंगलेल्या होत्या की अन्न मिळूनही त्या जगल्या नाहीत. वाचलेल्या सगळ्याच कृतज्ञ होत्या असेही नाही. ज्याच्यावर प्रीती करायची तो गोड असतो अशी आपली समजूत असते, ती केडगावच्या माळावर टिकण्याजोगी नव्हती.

मग हे काम कसे निभावले? शारदा सदनातल्या जुन्या मुली पुढे झाल्या. ब्राह्मण घरांतून आलेल्या, एके काळी सोवळ्यात वाढलेल्या या बालविधवांनी एकेक गट आपल्याकडे घेतला. त्यांनी या मुलींचे फोड धुतले, डोकी विंचरली, त्यांना भरवले, अक्षरे गिरवायला लावली. रमाबाईंनी त्यांना पूर्वी शिकवलेले शिक्षण आता दुसऱ्यांच्या उपयोगी पडू लागले. ज्यांना वाचवले होते त्याच वाचवणाऱ्या झाल्या.

२४ सप्टेंबर १८९८ रोजी मुक्ती सदनाची कोनशिला बसली. १८९९-१९०० मध्ये गुजरातेत व इतरत्र पुन्हा दुष्काळ पडला. रमाबाईंनी आपल्या साहाय्यकांना तिकडे धाडले, आणि मुक्तीची वस्ती दीड हजारांवर गेली. एवढ्या तोंडांना रोज दोन वेळा अन्न द्यायचे, तर भावनेवर भागत नाही. म्हणून विहिरी खणल्या, शेती केली, गाई-म्हशी पाळल्या. विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, छापखाना ही सर्व कामे बायकाच करू लागल्या. रमाबाई प्रार्थनेत तासन्‌तास गुडघे टेकीत आणि हिशेबाच्या वह्याही स्वतः पाहत. त्यांच्या लेखी ही दोन वेगळी कामे नव्हती. शोमरोन्यानेही तेल-द्राक्षारस ओतला, आणि उताराखान्याच्या मालकाला दोन नाणी मोजून दिली, हे आपण विसरतो.

फुलहॅममध्ये मनात बांधलेली गाठ त्यांनी आता सोडली. वाट चुकलेल्या व फसवलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. मनोरमेने अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून घेतली होती, तिच्या आधाराने आंधळ्या मुलींचा वर्ग सुरू झाला. म्हाताऱ्या आणि अपंग स्त्रियांसाठीही जागा झाली. प्रथम उच्चवर्णीय विधवा, मग सर्व जातींच्या दुष्काळग्रस्त मुली, मग समाजाने टाकलेल्या, मग आंधळ्या आणि थकलेल्या. शेजाऱ्याची हद्द दर वेळी पुढे सरकत गेली, आणि ती सरकवताना दर वेळी रमाबाईंना काहीतरी सोडावे लागले: कधी मित्र, कधी ठरलेला पैसा, कधी स्वतःचा आराम.

१९०५ साली मुक्तीत मोठे आत्मिक उज्जीवन झाले, आणि त्याची वार्ता जगभर गेली. पुष्कळजण तेवढेच आठवतात. पण ज्या घरात आठ-नऊ वर्षे रोज भुकेल्यांना वाढले जात होते, त्या घरात ते झाले, हे आपण सोबत आठवावे.

अखेरची वर्षे

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक भाषा शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. पंडितांची मराठी त्यांना सहज येत होती. पण केडगावच्या अडाणी बाईला, नुकतीच अक्षरे शिकलेल्या मुलीला कळावे, म्हणून त्यांनी साधे शब्द शोधले. त्या मुलींसाठी केलेले हे भाषांतरही भाकरीसारखेच होते. मुक्तीच्या छापखान्यात बायकांनीच त्याचे खिळे जुळवले. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली, रमाबाईंच्या मागे, प्रसिद्ध झाला.

मनोरमाबाई आईचा उजवा हात झाल्या होत्या. निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथे मुलींची शाळा काढण्यातही त्यांचाच पुढाकार होता. हैदराबाद आणि गुलबर्ग्याकडच्या आपल्या मंडळ्यांना हा धागा जवळचा वाटेल. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. वाँटेजच्या दिवसांपासून सोबत असलेले ते एकुलते एक लेकरूही गेले. रमाबाईंनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी, चौसष्टावे वर्ष संपत असता, त्या प्रभूकडे गेल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यांच्या मागे शंभर वर्षांवर चालत आले आहे.

आपला हिशेब

एकमेकांवरील प्रीतीचे ऋण हे एकच ऋण कधी फिटत नाही, असा विचार पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात मांडला आहे. रमाबाईंच्या हातावर एका अनोळखी बाईने भाकरीचा तुकडा ठेवला. ज्या आईसाठी तो मागितला, तिला तो खाताही आला नाही. ते ऋण रमाबाईंनी हजारो मुलींना रोज भाकर वाढून फेडले, आणि तरी फिटले असे त्या कधी समजल्या नाहीत.

आपल्यापैकी बहुतेकांच्या खात्यावर असे एखादे ऋण असतेच. परमुलखात बदली होऊन आलो तेव्हा कोणी शेजाऱ्याने पहिल्या दिवशी चहा दिला असेल. आजारपणात परधर्माच्या कोणी रात्र जागून काढली असेल. आपली भाषा न येणाऱ्या कोणी पोराची शाळेची फी भरली असेल. आपण ते विसरलो, आणि मग मंडळीत बसून आपला शेजारी कोण, असे विचारू लागलो. ज्याला आपली स्वतःची भूक आठवते त्याला हा प्रश्न पडत नाही. दारात उभ्या राहिलेल्या माणसाचे तोंड त्याला वाचता येते.

या आठवड्यात आपल्या दारी कोणी येईल. कदाचित त्याला शब्द फुटणार नाहीत. तो आपल्या मंडळीचा नसेल, आपल्या भाषेचाही नसेल. त्याच्याकडे नीट पाहण्याची बुद्धी आणि हात पुढे करण्याचे बळ प्रभू आपणां सर्वांस देवो.